झब्बू, रुमाल आणि गटणेची बायको

पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. एका मराठी संस्थळावर कुणीतरी मोठ्या कथेचा पहिला भाग टाकला होता आणि खाली पहिल्याच वाचकाने एवढंच लिहिलं होतं : 'रुमाल'. त्याखाली दुसऱ्याने, 'माझापण'. तीन दिवसांनी पहिला माणूस परत आला आणि त्याने चांगलं पाऊण पानभर लिहिलं. कथा कुठे आवडली, कुठे अडखळलो, नायकाच्या वडलांचं वय आणि त्यांच्या नोकरीची वर्षं यांचा हिशेब कसा लागत नाही, वगैरे.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसा हा रुमाल. आत्ता वेळ नाही, पण मी येणार आहे, माझी जागा ठेवा. (मुलुंडच्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. आमच्या लोकलमध्ये रुमाल टाकलात तर रुमाल जातो, सीट मिळत नाही.)

हे २०१४ सालचं. त्या जूनमध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि त्याच वर्षी मी अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झाले. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून जिना चढून मेट्रो. लोकलमध्ये पर्समधून फोन काढायला कोपर हलवावं लागतं आणि ते हलत नाही. मेट्रोत हलायचं. ती पंधरा-वीस मिनिटं हे माझं मराठी साहित्याचं शिक्षण. शाळा सुटल्यावर मराठी सुटलंच होतं, ते परत आलं ते या रुमालांमुळे. कथा बऱ्याचदा सुमार असायच्या. पण कथेखाली जे चालायचं ते मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी इंग्रजीत फॅन फिक्शनही भरपूर वाचत होते. म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा. हॅरी पॉटरचं पुढे काय झालं, होम्स आणि वॉटसन म्हातारपणी कुठे राहिले, असलं सगळं. या प्रकाराला मराठीत सर्वमान्य शब्द नाही. पण त्या कथांखाली वाचक आणि लेखक जे एकमेकांशी बोलतात, त्यासाठी मराठीत एकाहून एक शब्द आहेत आणि ते कुठल्या भाषा सल्लागार समितीने केलेले नाहीत. मला त्या शब्दांचा इतिहास सांगायचाय. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि सुरुवात पार्ल्यापासून करावी लागेल.

* * *

पु. ल. देशपांडे उपनगरातले लेखक. लहानपण जोगेश्वरीत, मग पार्ल्यात. शाळा पार्ले टिळक. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आलं. त्यातला सखाराम गटणे हा मराठी साहित्यातला सगळ्यात प्रसिद्ध चाहता. लेखकाला भेटायला येणारा, त्याची पुस्तकं कोळून प्यालेला, इतका की साधं बोलतानाही छापील मराठी बोलणारा. आपण गटणेला हसतो आणि आपल्याला त्याची मायाही वाटते. शेवटी त्याचं लग्न होतं, तो मार्गाला लागतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा लक्षात आली. गटणेच्या हातात पेन नाही. तो वाचतो, दाद देतो, लेखकाच्या घरी येऊन बसतो. पण लिहितो लेखक, आणि गटणेबद्दल लिहितो. छापील पुस्तकांच्या जगात चाहत्याची जागा ही एवढीच होती : लेखकाच्या बैठकीच्या खोलीत, खुर्चीच्या कडेवर.

फॅन फिक्शनमध्ये बदलतं ते हे. समजा, मी गटणेवर कथा लिहिली आणि तुम्ही वाचलीत. पुलंनी लिहिलेला गटणे वाचून तुम्ही 'गटणे असं म्हणणार नाही' असं म्हणू शकत नाही. पुलं म्हणतात तो गटणे. पण माझ्या कथेबद्दल तुम्ही ते बिनदिक्कत म्हणू शकता, कारण गटणे जितका माझा तितकाच तुमचा. घर तिसऱ्याच माणसाचं, आपण दोघंही पागडीवरचे भाडेकरू. मालक दूर आहे किंवा हयात नाही. म्हणून जिन्यातली भांडणं बरोबरीने होतात. इंग्रजीत या आक्षेपाला 'आउट ऑफ कॅरेक्टर' म्हणतात, लघुरूप 'ओओसी'. मराठीत मी वाचलेलं सरळ वाक्य होतं : 'हा आपला गटणे नाही.' त्यातला 'आपला' महत्त्वाचा.

कायद्याने मालक आहेच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. पुलं गेले १२ जून २००० रोजी, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६१ च्या १ जानेवारीला मोकळी होतील. नुसत्या पात्रावर हक्क सांगता येतो का, हा वेगळा वाद. २०१६ साली 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेवरून झालेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असं मत नोंदवलं की पात्र पुरेसं वेगळं, उठावदार असेल तर त्यालाही संरक्षण मिळू शकतं. पैसे न घेता चार पानं लिहिणाऱ्यांच्या मागे सहसा कुणी लागत नाही, एवढंच.

* * *

अशा गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, 'मग महाभारतावरच्या सगळ्या कादंबऱ्या फॅन फिक्शनच की!' 'ययाति' १९५९, 'मृत्युंजय' १९६७, 'राधेय' १९७३. असेलही. पण मला ते म्हणणं आता कंटाळवाणं वाटतं. कथा कुठून उचलली यावरून काही ठरत नाही. वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांशी कसे बोलत होते, ते बघायला हवं. आणि तसं बघायला गेलं तर मराठीतला सगळ्यात जुना आणि स्पष्ट पुरावा तक्रारीचा आहे.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढची तीनशे वर्षं ती हाताने उतरवली गेली. उतरवणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी त्यात आपापल्या ओव्या घातल्या, कुठे शब्द बदलले. १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावून ठेवलं की या ग्रंथात जो कुणी स्वतःची मराठी ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी सहानुभूती लगेच नरोटीवाल्यांकडे गेली. एकनाथांचं काम मोठंच होतं. त्यांच्याशिवाय ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत कोणत्या रूपात आली असती कुणास ठाऊक. पण इशारा द्यावा लागला याचा अर्थ करणारे पुष्कळ होते. ते कोण? रात्री दिव्याखाली ज्ञानेश्वरी उतरवताना ज्याला वाटलं, इथे आणखी एक ओवी हवी होती, तो माणूस. चोरी करायची तर त्याने स्वतःचं नाव घातलं असतं. त्याने ज्ञानेश्वरांच्या नावावर आपली ओवी सोडून दिली. आज व्हॉट्सअ‍ॅपवर पुलंच्या नावाने फिरणारे, पुलंनी कधीच न लिहिलेले किस्से याच जातीचे. लिहिणाऱ्याला श्रेय नको असतं, घर अजून चालू राहावं असं वाटत असतं. माझ्या वडलांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात असला एक येतो आणि मी दर वर्षी 'हे पुलंचं नाही' असं लिहिते. एकनाथांचं पुण्य मला त्यात मिळत नाही, फक्त दोन काका नाराज होतात.

पोथ्या उतरवणाऱ्यांची आणखी एक सवय होती. पोथीच्या शेवटी तिथी, गाव, आपलं नाव आणि एक विनवणी : समोर जसं दिसलं तसं उतरवलंय, चूक असेल तर दोष मला देऊ नका. फॅनफिक्शन डॉट नेट १९९८ साली सुरू झालं, तिथल्या जुन्या कथांच्या माथ्यावर असंच असायचं : पात्रं माझी नाहीत, मूळ लेखिकेची आहेत, मला यातून पैसे मिळत नाहीत, माझी पहिलीच कथा आहे, सांभाळून घ्या. एक पोथीच्या तळाला, एक पानाच्या माथ्याला, सूर तोच. दोघंही एका वाचकाची कल्पना करून त्याच्यासमोर हात जोडतात. फरक इतकाच, की पोथीवाल्याला उत्तर येत नसे.

मोरोपंतांना (१७२९-१७९४) मात्र मी सरळ आमच्यातला मानते. त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात आणि त्यातली काही म्हणजे स्वतःलाच घातलेली अट आहे. 'निरोष्ठ रामायण' ओठ न टेकवता म्हणता यावं म्हणून प-वर्गातलं एकही अक्षर नाही, तर 'परंतु रामायणा'त 'परंतु' हा शब्द खेळवलेला. चाहत्यांच्या संस्थळांवर अशा अटींची 'चॅलेंजेस' महिन्याला डझनभर निघतात. गोष्ट सगळ्यांना माहीत असली की मगच असले खेळ खेळता येतात.

* * *

छापखाना आला आणि मध्ये संपादक आला. हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' १८९० साली सुरू झालं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात तुकड्यातुकड्यांनी आली. मराठी वाचकाला 'पुढे काय?' म्हणून आठवडाभर ताटकळायची सवय लागली ती या साप्ताहिकांनी. ताटकळणारा वाचक पत्र लिहितो. पण पत्र जातं कार्यालयात, छापायचं की नाही ते संपादक ठरवतो, आणि छापलं तरी ते कथेच्या खाली येत नाही. पुढच्या अंकात, वेगळ्या पानावर येतं. डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड'मध्ये कॉनन डॉयलने होम्सला मारलं. वाचक संतापले, पत्रांवर पत्रं गेली. होम्स जिवंत परत यायला १९०३ उजाडलं. दहा वर्षं! आमच्याकडे रात्री नायक मारला तर सकाळी घाटकोपर यायच्या आत लेखिकेला चार शिव्या पोचलेल्या असतात.

त्या काळात लेखकाला बरोबरीने उत्तर द्यायचा एकच मार्ग होता : स्वतः लिहिणं. आचार्य अत्रे 'केशवकुमार' झाले आणि १९२५ साली 'झेंडूची फुले' आलं. रविकिरण मंडळ आणि त्या वेळच्या कवितेतल्या लकबी यांची त्यात जी विडंबनं आहेत, ती चांगल्या परीक्षणापेक्षा जास्त सांगतात. विडंबन करायला कविता पाठ असावी लागते, आणि नावडत्या कवीच्या कविता कुणी इतक्या पाठ करत नाही. बरोबर अशीच गोष्ट अमेरिकेत १९७३ साली घडली. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची पहिली नियतकालिकं १९६७ पासून निघत होती, सायक्लोस्टाइल केलेली, पोस्टाने वाटलेली. चाहत्यांच्या अशा नियतकालिकांत जुना रिवाज होता की अंकावर सविस्तर पत्र पाठवणाऱ्याला पुढचा अंक फुकट मिळे. अभिप्राय हे चलन होतं. तर १९७३ साली पॉला स्मिथ नावाच्या संपादिकेने वैतागून एक अगदी छोटी कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यात तरुण लेफ्टनंट, सगळ्यांची लाडकी, सर्वगुणसंपन्न. नवख्या लेखिका स्वतःलाच कथेत घुसवतात, त्यावरची ही टीका होती. आज 'मेरी स्यू' हा जगभर वापरला जाणारा शब्द आहे.

कथेला उत्तर म्हणून कथा. याला मराठीत नेमका शब्द आहे आणि तो मराठी संस्थळांवरच घडला : झब्बू.

* * *

मायबोली सुरू झाली १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेश चतुर्थीला. गूगलच्या आधी. चालवणारे आणि सुरुवातीचे बरेचसे लोक अमेरिकेत होते. मराठी बोलायला माणूस मिळेना म्हणून जमलेले. मग मनोगत २००४ मध्ये, उपक्रम आणि मिसळपाव २००७ मध्ये, ऐसी अक्षरे २०११ मध्ये. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला आणि टाइप करता यायला पुढचं जवळजवळ दीड दशक गेलं. तोवर मंडळी रोमन लिपीत किंवा फॉन्टांशी झटापट करत मराठी लिहीत होती. इतके कष्ट घेऊन लिहायचं तर उत्तर हवंच असतं.

झब्बू हा पत्त्यांचा डाव. समोरच्याच्या पानावर आपलं पान टाकायचं आणि त्याच्या गळ्यात पत्ते मारायचे. संस्थळावर झब्बू म्हणजे : तू कविता टाकलीस, घे ही माझी त्याच चालीतली. तू कोकणातला फोटो टाकलास, घे माझा. तू नायकाच्या बाजूने गोष्ट सांगितलीस, घे नायिकेच्या बाजूने. मायबोलीच्या गणेशोत्सवात प्रकाशचित्रांचे झब्बू रीतसर उपक्रम म्हणून चालत. कवितांना तर विडंबनाचा झब्बू काही तासांत मिळे. गंभीर प्रेमकविता टाकणाऱ्या माणसाची मला दया यायची. सकाळी त्याचं हृदय भंगलेलं असायचं आणि दुपारपर्यंत त्याच वृत्तात कुणाची तरी मिसळ करपलेली असायची.

गणेशोत्सवातच 'एसटीवाय' नावाचा प्रकार असे. 'स्पिन द यार्न' याचं लघुरूप. संयोजक कथेची सुरुवात देत, आणि पुढे येईल त्या सभासदाने चार ओळी जोडायच्या. यात कथा कधीच नीट संपत नसे. दहाव्या माणसापर्यंत त्यात परग्रहवासी नाहीतर एखादी सासू आलेली असे. पण प्रत्येकाला आधीच्याचं वाचूनच पुढे लिहावं लागे. वाचक आणि लेखक यांच्यातली रेघ पुसायचा इतका सोपा मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही.

शतशब्दकथा हा आणखी एक. बरोबर शंभर शब्द, लघुरूप 'शशक'. मिसळपाववर त्यांच्या स्पर्धा झाल्या, आणि मत द्यायचं तर कथेखाली '+१' लिहायचं. इंग्रजी चाहत्यांच्या जगात याच आकाराला 'ड्रॅबल' म्हणतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळाने १९८० च्या दशकात शंभर शब्दांचा नियम पक्का केला. दोन्हीकडे कारण एकच असावं : शंभर शब्द वाचायला मिनिट लागतं, त्यामुळे वाचणारा उत्तर देतोच.

आणि उत्तरांची भाषा! 'पुभाप्र', म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. 'पुलेशु', म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. याचा खरा अर्थ बऱ्याचदा 'वाचलं नाही' असा असतो. 'वाखुसा', वाचनखूण साठवली आहे. 'विपू' म्हणजे विचारपूस, सभासदाच्या पानावर जाऊन घातलेली साद. 'अनुमोदन'चा 'मोदक' झाला. सारखं फालतू लिहिणारा 'जिलब्या पाडतो'. एकाच माणसाची दुसरी, लपवलेली ओळख म्हणजे 'डुआयडी'. डुआयडीला सगळे शिव्या घालतात, पण त्याची एक चांगली बाजूही आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणाची तरी 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरं उलटी केलेली. परीक्षकांनी कथा वाचावी, माझं नाव वाचू नये, एवढीच त्यांची इच्छा. वीस वर्षांची मुलगी टोपणनाव घेऊन कथा टाकते तेव्हा तिलाही तेच हवं असतं, फक्त उलट्या कारणाने. नारळीकरांना नावाचं वजन नको होतं. आमच्या नावाला वजनच नव्हतं, आणि वर आईच्या मैत्रिणीने वाचलं तर काय ही धास्ती.

हे सगळं फार गोड होतं असा समज होऊ नये. कंपूबाजी होती. नव्या माणसाला पहिल्याच कथेवर शुद्धलेखनावरून सोलून काढणारे होते. बाईने लिहिलेल्या शृंगारावर आणि पुरुषाने लिहिलेल्या शृंगारावर येणारी उत्तरं वेगळी असत आणि ते वेगळेपण वाचवत नसे. रात्री दोन वाजता अमेरिकेतला एक आणि पुण्यातला एक असे दोघे 'की' ऱ्हस्व की दीर्घ यावर भांडत, आणि मूळ कथा वर तशीच पडलेली. पण आठवड्यानंतर कुणीतरी खरोखरच वाचून लिही. तेवढ्यासाठी लोक थांबत.

* * *

२०१४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात आहे. त्याच वर्षी बंगळुरूत प्रतिलिपी सुरू झाली. भारतीय भाषांतल्या कथा, फोनवर; लवकरच मराठीही. प्रतिलिपी म्हणजे नक्कल, उतरवलेली प्रत, हे नाव ठेवणाऱ्यांना पोथ्यांचा इतिहास ठाऊक असणार. वॉटपॅड त्याआधी, २००६ पासून होतं. या अ‍ॅपांनी जे केलं ते संस्थळांना कधीच जमलं नव्हतं : कॉम्प्युटर नसलेल्या, संस्थळांच्या शुद्धलेखनवाल्यांना घाबरणाऱ्या असंख्य बायका-मुली लिहायला लागल्या. ज्यांना पाऊण पानाचं परीक्षण लिहिता येत नाही त्यांनाही 'ताई, खूप छान, पुढचा भाग लवकर टाका' असं लिहिता यायला लागलं. याला नाक मुरडणारे मला आवडत नाहीत. दुपारी दोन तास मोकळे मिळणाऱ्या बाईने दिलेला पंचतारांकित शेरा हा तिच्या दोन तासांतला वेळ आहे.

तरीही मी इंजिनिअर आहे आणि मला डेटाबेसचा तक्ता दिसतो. पाच तारे म्हणजे एक ते पाचमधला एक आकडा. आकड्यांची सरासरी निघते, सरासरीवरून क्रम लागतो, क्रमावरून कथा दिसते किंवा बुडते. म्हणजे वाचक बोलतो लेखिकेशी, पण ऐकतो मधला प्रोग्रॅम. मग चार तारे देणं हा अपमान होतो. 'गटणे असं म्हणणार नाही' हे लिहून चार तारे दिले, तर पुढच्या वेळी लेखिका तुमच्याशी बोलत नाही, आणि तिचं चूक नसतं. आमच्या ऑफिसात आम्हीही अशीच बटणं बनवतो. दोन महिने बसून आम्ही एका अ‍ॅपमधली 'सविस्तर लिहा' ही चौकट एका टॅपमागे नेली होती, कारण तिच्यापाशी लोक थबकत होते. लोक थबकले तर आलेख खाली येतो. त्या वेळी मला रुमाल आठवला नाही, हे कबूल करायला हवं.

मधल्या प्रोग्रॅमला काय ऐकू यावं हे ठरवता येतं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांनी स्वतः, देणग्यांवर उभं केलेलं संग्रहालय नोव्हेंबर २००९ मध्ये खुलं झालं. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे तारेच नाहीत. 'कुडोज' नावाचं एक बटण आहे, एका वाचकाला एका कथेवर एकदाच दाबता येतं, आणि नापसंतीचं बटण नाही. काही सांगायचं असेल तर लिहावं लागतं. बनवणारे स्वतः लिहिणारे-वाचणारे होते, म्हणून हे सुचलं असं मला वाटतं.

* * *

२०१६ साली, दुसऱ्या वर्षाला असताना, मी एका संस्थळावर 'गटणे, मुलुंड पूर्व' नावाची कथा सुरू केली. सखाराम गटणे म्हातारा झालाय, निवृत्त होऊन मुलुंडला राहतो, रोज सकाळी महाराष्ट्र सेवा संघाच्या वाचनालयात जातो आणि पेपर वाचून परत येतो. पुस्तक हातात धरत नाही. का धरत नाही, ही गोष्ट. चार भाग टाकले. रुमाल पडले, पुभाप्र आले, एक झब्बू आला ज्यात गटणेच्या जागी नारायण होता आणि तो वाचनालयाचं हळदीकुंकू सांभाळत होता.

आणि एक काकू होत्या. खरं नाव मला आजही माहीत नाही. त्या पुण्याच्या नसाव्यात, कारण शुद्धलेखन काढत नसत. तिसऱ्या भागाखाली त्यांनी लिहिलं, "अगं, छान चाललंय. पण एक विचारू का? तीन भाग झाले, गटणेची बायको नुसती चहा आणून ठेवते. तिला माहीत नसेल होय, नवऱ्याने वाचणं कधी सोडलं ते? पुलंनी तिला बोलू दिलं नाही ते ठीक आहे, तो त्यांचा गटणे. तुझ्यात का बोलत नाही?"

मला राग आला. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "काकू, ही गटणेची गोष्ट आहे, तिची नाही." त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : "बरं. वाचतेय."

चौथा भाग टाकला, शेवटी 'क्रमशः' लिहिलं. मग प्रोजेक्ट, मग प्लेसमेंट, मग नोकरी. काकू दर दोन-तीन महिन्यांनी विपूत डोकवायच्या. "अगं, गटणे वाचनालयाच्या बाकावर बसलाय केव्हाचा. उठव की त्याला." मी 'नक्की काकू' असं लिहायचे. मग तेही लिहिणं थांबलं. मग मी पासवर्ड विसरले.

मागच्या पावसाळ्यात, पुलंच्या नावाचा तो नेहमीचा खोटा किस्सा वडलांच्या ग्रुपवर आला आणि मला माझा गटणे आठवला. पासवर्ड बदलून आत गेले. कथेखाली, माझ्या चौथ्या भागानंतर, २०१९ सालच्या तारखेने एक लांब मजकूर होता. 'झब्बू' असं शीर्षक. बोलणारी गटणेची बायको. लग्न झालं तेव्हा तिच्या नवऱ्याची भाषा सुधारली म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिला मात्र ती छापील भाषाच आवडली होती. तसं तिच्याशी आधी कुणी बोललं नव्हतं. तो साधं बोलायला लागला तेव्हा तिला चुकल्यासारखं वाटलं, पण सांगणार कुणाला. त्याच्या जुन्या वह्या रद्दीत जाणार होत्या, त्या तिने काढून घेतल्या. तो पेपर वाचायला वाचनालयात गेला की ती घरी त्या वह्या वाचते. चाळीस वर्षं. कारण माझ्या कथेतल्या कोड्याचं उत्तर त्यात होतं, आणि ते मला सुचलेल्या उत्तरापेक्षा खरं होतं. खाली 'क्रमशः', आणि त्याखाली : "घे. आता तुझी पाळी."

मी काकूंच्या विपूत लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यांच्या पानावर शेवटची हजेरी २०२० सालची दिसते. संस्थळाच्या चालकांना विचारलं, त्यांनी नियमाप्रमाणे सभासदाची माहिती देता येत नाही असं कळवलं, आणि ते बरोबरच आहे.

त्या झब्बूखाली मी रुमाल टाकलाय. सहावा भाग लिहितेय, मेट्रोत, जाताना आणि येताना. गटणेची बायको एक वही पदराखाली धरून वाचनालयाच्या पायऱ्या चढते आणि आत तिचा नवरा पेपर वाचत बसलेला असतो, तिथपर्यंत आलंय.